शाहिरांची कोरी बाजू

कडवं संपलं की आमचे शाहीर ढोलकी थांबवायचे, उजवा हात कानामागे धरायचे आणि समोरच्या शाहिराला म्हणायचे, "हं, बोला आता." चेहरा असा, की समोरच्याला या जन्मात उत्तर सुचणार नाही.

रत्नागिरीकरांना शक्ती-तुरा सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. दोन शाहीर समोरासमोर. शक्तीवाल्याने गाण्यातून सवाल टाकायचा, तुरेवाल्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. आमचे शाहीर शक्तीवाले. त्यांच्यासमोर वीस वर्षं एकच तुरेवाले, शेजारच्या गावचे. मंडपात एकमेकांची सालटी काढायचे आणि नंतर एकाच ताटलीतली भजी खायचे.

स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान, मागे रेकॉर्डिंगची खोली. शाहीर आपली पहिली कॅसेट करायला आले ते अट घेऊनच.

"एका बाजूला माजं सवाल. दुसरी बाजू कोरी सोडा."

"कोरी? लोक दुकान फोडतील माझं, शाहीर."

"जवाब त्याचा हाय. मी कसा गाऊ?"

तुरेवाल्यांनाही बोलावू म्हटलं, तर तेही नको. "आदी सवाल ऐकू दे त्याला. ऐकल्याबिगर जवाब बांधतात काय?" माझं डोकंच फिरलं. पण मग त्यांनी आवाज असा लावला, की भांडण राहून गेलं.

कॅसेट दुकानात यायच्या आधीच, भाताची लावणी उरकल्यावर, शाहीर तापाने गेले. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, मोहही झाला. कोऱ्या बाजूवर मंडपात टेप केलेली त्यांचीच जुनी गाणी भरली असती तर कोण विचारणार होतं? नाही भरली. गेलेल्या माणसाची अट मोडायला जीव होईना.

गणपतीत कॅसेट आली आणि आठवड्याभरात निम्म्या परत आल्या. "दुसरी बाजू वाजत नाय." समजावून समजावून माझा घसा बसला. मग हळूहळू लोक सवालांवर वाद घालायला लागले. शेवटचा सवाल होता: हाक मारणारा गेला, तर त्याची हाक कुठल्या गावाला जाते? वाड्यावाड्यांतल्या मंडळींनी कोऱ्या बाजूवर आपापले जवाब भरले आणि मला ऐकवायला आणले. काही इतके भयंकर, की शाहिरांनी दोन ओळींत उडवले असते. पण कॅसेट परत यायच्या थांबल्या. जो तो एकच विचारी, तुरेवाले काय म्हणतात?

दिवाळीच्या सुमारास तुरेवाले स्वतःच आले. मी पंखा बंद केला, माइक लावला. त्यांनी हेडफोन लावून तो सवाल दोनदा ऐकला. हसले, मग डोळे पुसले.

"सुचतोय का जवाब?"

"तो पयल्याच दिवशी सुचला."

"मग गा की. लोक वाट बघतायत."

त्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून ठेवली. "जवाब गायलो म्हंजे सामना संपला. ऱ्हाऊ दे."

मी मशीन बंद केलं. त्यानंतर दुसरी बाजू कोरी आहे म्हणून कोणी आलं, तर मी "बरोबर आहे" एवढंच सांगत असे.