टीव्हीवर दिसणारं कॉलेज

ज्या खेळात चेंडूच नसतो त्याला हॉकी म्हणणं मला आजही उद्धटपणा वाटतो. हॉकी आम्ही पुण्यात शाळेच्या मैदानावर खेळलो, धुळीत, नडग्या फोडून घेत. बर्फावर रबराच्या काळ्या चकतीमागे घसरत जायचं आणि वर त्याला आमच्या खेळाचं नाव द्यायचं, हे मला कधी पटलं नाही. पण माझी एकुलती एक मुलगी मेलबर्नमध्ये वाढली आणि नेमकी तीच हॉकी खेळली. त्यातही गोलकीपर. म्हणजे घसरण्याची मजासुद्धा नाही. गाद्या बांधून जाळ्यासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यांनी अंगावर चकत्या मारायच्या.

सुरुवात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पार्टीपासून झाली. ती नऊ वर्षांची होती. पार्टी बर्फाच्या रिंकवर होती, आणि घरी आल्यावर हिने जाहीर केलं की मला हे रोज करायचंय. मी हो म्हटलं, कारण आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात प्रत्येक मुलाला अभ्यासाखेरीज काहीतरी असावं लागतं, आणि व्हायोलिन सगळ्यांकडे होतं. ग्लेन वेव्हर्लीत आम्ही घर घेतलं ते शाळेच्या झोनसाठी; झोनच्या हद्दीत घर असेल तरच तिथल्या नावाजलेल्या सरकारी शाळेत प्रवेश. आपली सगळी माणसं इथे त्याच एका कारणासाठी येतात आणि विचारलं तर सांगतात, पार्क फार छान आहे. झोनची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध जात होती. पलीकडच्या बाजूला एक नागपूरचं कुटुंब राहायचं. त्यांच्याशी आमचं जाणंयेणं होतं, दिवाळीला फराळाची ताटं जायची-यायची, पण मनातून मी त्यांची कीव करायचो. दहा पावलांनी हुकले बिचारे.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिची रविवारची शिफ्ट ठरलेली, त्यामुळे रिंकवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. आठ वर्षं मी ते केलं आणि आठ वर्षांत रिंकच्या आत एकूण चार-पाच वेळा गेलो असेन, तेही बाथरूमसाठी. आत हाडं गोठायची. बाकीचे आईबाप पांघरुणं गुंडाळून, थर्मास घेऊन बसायचे आणि दहा वर्षांच्या पोरांवर असे ओरडायचे की जणू देशाचं भवितव्य त्या चकतीवर आहे. मला त्या लोकांचं हसू यायचं. मी कार पार्कमध्ये गाडीत बसायचो, हीटर लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसच्या मेल निपटायचो. मॅच संपली की मुलगी स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढत यायची आणि काचेवर टकटक करायची. मी काच खाली करून विचारायचो, "जिंकलात का?" तिचं उत्तर पुरं होईपर्यंत माझा इंडिकेटर लागलेला असायचा.

बारावीच्या वर्षी तिला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांकडून बोलावणं आलं. तेव्हा मी पहिल्यांदा त्या खेळाची माहिती काढली, म्हणजे त्याच्या कारभाराची. तिथे कॉलेजांचे संघ गटागटाने खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. कॉन्फरन्स मोठी असेल तर मॅच टीव्हीवर दिसतात, लहान असेल तर कुणी विचारत नाही. हे मला एका झटक्यात समजलं. कॉन्फरन्स म्हणजे झोन. आणि झोन कसा निवडावा हे ग्लेन वेव्हर्लीच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही.

मी एक्सेलची शीट केली. एका कॉलमचं नाव होतं 'टीव्ही'.

मुलीला दोघांतलं धाकटं, लहान कॉन्फरन्समधलं कॉलेज हवं होतं. तिथल्या कोचबाईंनी तिने पाठवलेली प्रत्येक क्लिप पाहिली होती आणि एक लांबलचक मेल लिहिली होती, सगळी तिच्या डाव्या गुडघ्याबद्दल. गुडघा जमिनीवर टेकवायला ती क्षणभर उशीर करते, तो उशीर आपण दोघी मिळून काढून टाकू, असं काहीतरी. मुलीने ती मेल छापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली होती.

"बाबा, शी ॲक्चुअली वॉच्ड मी," ती म्हणाली.

"तिथे तुला दुसरं कोण पाहणार?" मी म्हणालो. "ती कॉन्फरन्स कुणाला माहीत तरी आहे का? हे दुसरं कॉलेज बघ. टीव्हीवर येतं. पुण्याला दादाकाका बघतील, आजूबाजूचे बघतील."

"दे डोन्ट इव्हन लाइक हॉकी."

"तुला बघतील ना."

खरं सांगायचं तर 'आजूबाजूचे' वगैरे भरीला होतं. मला दाखवायचं होतं ते फक्त दादाला. तो माझा थोरला भाऊ, आणि मी देश सोडला तेव्हापासून मला फोनवर 'काय, रमलात का तिकडे?' असं विचारणारा. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मोठ्या कॉलेजचे कागद भरले. कपाटातली मेल तिने काढून नेली की फाडली, मी विचारलं नाही.

पहिल्या सीझनमध्ये ती बाकावरच होती. संघात तीन गोलकीपर, ही तिसरी. पण माझी शीट खरी ठरत होती. तिथला शुक्रवारचा सामना म्हणजे आमच्याकडे शनिवारची दुपार आणि पुण्यात सकाळचा चहा. एकदा कॅमेरा बाकावरून फिरला आणि दोन सेकंद ती दिसली, हेल्मेट मांडीवर, केळं खाताना. दादाने पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मावश्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले. मी तो फोटो ऑफिसमध्येही फिरवला. आपली मुलगी अमेरिकेच्या टीव्हीवर केळं खाते, याचा मला किती अभिमान वाटला होता, हे आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

मग करोना आला. कॉलेज बंद पडलं. ऑस्ट्रेलियाला येणाऱ्या विमानांत जागा मिळेना, मिळाली तर रद्द होई, आणि ती एका मैत्रिणीच्या घरी राहिली. आम्हाला देशाबाहेर जायची बंदी. पुढे मेलबर्नमध्ये तर घरापासून पाच किलोमीटरच्या पुढेही जायचं नव्हतं. रिंक आमच्या पाच किलोमीटरमध्ये बसत नव्हतं, पण तिकडे जायचं कारणही उरलं नव्हतं. बायको सकाळी लॅबला जायची, नाकात काड्या घातलेल्या साऱ्या व्हिक्टोरिया राज्याचे नमुने तपासून संध्याकाळी यायची. मी जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं होतं.

सीझन हिवाळ्यापर्यंत लांबवत, पोरांच्या रोज टेस्ट करत, रिकाम्या स्टँडसमोर अमेरिकेने हॉकी एकदाची सुरू केली. आणि सुरू होऊन महिना झाला नाही तोच मोठ्या कॉलेजांनी जाहीर केलं की ते कॉन्फरन्स सोडून निघाले. त्यांनी आपापसांत नवी कॉन्फरन्स काढली होती आणि टीव्हीवाले त्यांच्याबरोबर निघाले होते. पुढच्या वर्षी जाणार होते, पण टीव्हीवाल्यांनी कॅमेरे आत्ताच तिकडे वळवले. आमचं कॉलेज राहिलं मागे, आणखी तीन तसल्याच कॉलेजांबरोबर.

पालकांसाठी ऑनलाइन बैठक झाली. कॉन्फरन्सचे प्रमुख स्वतः आले. मागे पुस्तकांचं कपाट, त्यात पुस्तकांपेक्षा ट्रॉफ्या जास्त. हा गृहस्थ वीस मिनिटं बोलला आणि त्यात 'परिवार' हा शब्द इतक्या वेळा आला की मला आमच्याकडच्या हाउसिंग सोसायटीचे चेअरमन आठवले. आपण सगळे एक परिवार आहोत. परिवार बदलत असतो. हा बदल रोमांचक आहे. अर्धा परिवार भांडीकुंडी घेऊन पळाला, आणि हा माणूस उरलेल्यांना रोमांचित व्हायला सांगत होता. एका बापाने विचारलं, आमच्या मुलींच्या मॅच आम्हाला दिसणार कुठे? स्टँडमध्ये प्रवेश नाही, टीव्हीवर नाही, मग निदान कॉलेजने आपल्या फोनवरून दाखवाव्यात. तेव्हा कळलं की तेही चालणार नव्हतं. मॅच दाखवायचे हक्क करारानुसार सीझनभर टीव्हीवाल्यांकडेच होते. त्यांना फक्त त्या दाखवायच्या नव्हत्या.

इतका निर्लज्जपणा मी आपल्याकडच्या केबलवाल्यांतही पाहिला नाही. मी हात वर करण्याचं बटण दाबलं. माझी पाळी येण्याआधी वेळ संपली आणि प्रमुखांनी सगळ्यांना काळजी घ्यायला सांगितलं.

त्या धाकट्या कॉलेजच्या मॅच मात्र दर आठवड्याला दिसायच्या, फुकट. कोचबाईंचा नवरा स्टँडमध्ये फोन लावून उभा राहायचा. चित्र हलायचं, मध्येच त्याच्या खोकल्याचा आवाज यायचा. त्यांची गोलकीपर दुसऱ्याच वर्षाची होती आणि प्रत्येक मॅच खेळत होती. मी हे घरात कुणाला न सांगता, कानात इअरफोन घालून पाहायचो.

दादाचा फोन आला. "काय रे, पोरगी दिसेनाशी झाली? काढली का टीममधून?"

"कॉन्फरन्स बदलतेय," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

मी सांगायला लागलो आणि निम्म्यात थांबलो. दादाला समजलं नाही म्हणून नव्हे. त्याला नीट समजत होतं म्हणून.

जानेवारीत कॉलेजचं पत्र आलं. कॉन्फरन्स उरली नसल्यामुळे आणि सद्य परिस्थिती पाहता मुलींचा हॉकी संघ सीझनअखेर बंद करण्यात येत आहे. शिक्षण पूर्ण करता येईल. मुलीने फोनवर ते वाचून दाखवलं, सावकाश, एखाद्या उपकरणाचं माहितीपत्रक वाचावं तसं. मी लगेच कॉलेजला, कॉन्फरन्सला, टीव्हीवाल्यांना नालायक ठरवून टाकलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, आय नेव्हर इव्हन प्लेड."

शेवटच्या आठवड्यात पहिली गोलकीपर पॉझिटिव्ह निघाली. दुसरी तिची रूममेट, म्हणून तीही विलगीकरणात. गुरुवारी मुलीचा मेसेज आला: आय ॲम स्टार्टिंग. म्हणजे पहिल्या मिनिटापासून जाळ्यासमोर तीच.

शनिवारी मेलबर्नमध्ये पाच दिवसांच्या लॉकडाउनचा पहिला दिवस होता. बायको शिफ्टवरून परस्पर टेबलाशी येऊन बसली, लॅबचा गणवेश न बदलता. माझे सकाळपासून मॅच बघायचे सगळे मार्ग शोधून झाले होते. टीव्हीवर त्या वेळी निघून जाणाऱ्या दोन मोठ्या कॉलेजांची मॅच होती. आमच्या वाट्याला कॉलेजच्या साइटवरचं एक पांढरं पान होतं. रिंकमध्ये कुणीतरी आकडे टाइप करतं आणि ते त्या पानावर उमटतात, बस. मिनिट, सेकंद, शॉट कुणी मारला, अडवला कुणी.

मी मोठ्याने वाचायला लागलो. शॉट. अडवला. शॉट, बाहेर. शॉट. अडवला. 'अडवला'च्या पुढे दर वेळी आमचं आडनाव होतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं. बायको म्हणाली, "कसा अडवला?"

"ते नाही लिहिलेलं."

"डाव्या बाजूने मारला की उजव्या?"

"अगं, ते पानावर नाहीये."

"पण तुला तर कळत असेल ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं नेत होतास."

मी पान खाली सरकवलं. तिचा डावा गुडघा आता वेळेवर टेकतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. तो आधी उशिरा टेकायचा हेसुद्धा मला एका परक्या बाईच्या मेलमधून कळलं होतं.

दोन गोल बसले. आमच्या संघाने तीन केले. शेवटची काही मिनिटं पानावर एकसारखं शॉट, अडवला, शॉट, अडवला येत राहिलं आणि मग एक ओळ आली की सामना समाप्त. बायकोने टाळ्या वाजवल्या, एकटीने, आणि मग डोळे पुसले. खाली टीप होती की या सामन्याचं चित्रण उपलब्ध नाही.

अर्ध्या तासाने मुलीचा व्हिडिओ कॉल आला. लॉकर रूमबाहेरच्या जिन्यात बसली होती, केस घामाने चिकटलेले, गालावर हेल्मेटचा वळ, आणि असं तोंडभर हसू मी तिच्या नवव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. मला खूप काही म्हणायचं होतं. शीटबद्दल, त्या दुसऱ्या कॉलेजबद्दल. समोर लॅपटॉपवर ते पांढरं पान अजून उघडं होतं, निकाल ठळक अक्षरांत. आणि माझ्या तोंडून निघालं,

"जिंकलात का?"

 ती मोठ्याने हसली, अगदी प्रेमाने, कुरबुरीचा अंशही नव्हता त्यात.

"बाबा," ती म्हणाली, "तू अजून कारमध्येच बसलायस."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "पहिल्या शॉटपासून सांग."