दमणीच्या तुंब्यावरची खूण

आमच्या घरी एक दमणी होती. युसूफवडगावच्या बाजाराला आणि लग्नाकार्याला माणसं नेणारी, हलकी, दोन बैलांची. सासऱ्यांनी तरुणपणी गावच्या सुताराकडून करवून घेतलेली. सासरे गेले, सुतार म्हातारा झाला, पण दमणीची चाकं तशीच होती. बाभळीचं लाकूड दोन वर्षं ओढ्याच्या डोहात मुरवून त्यानं ती केली होती. साटा, म्हणजे बसायची चौकट, मात्र खिळखिळा झाला होता आणि दांडीला चीर गेली होती.

नवरा म्हणाला, सुताराला सांगू. मी म्हणाले, त्याला दिसत नाही, हात कापतात, वर्षभर लावील. माझं माहेर नांदूरघाटाकडचं. तिथं आमच्या गल्लीत एक मिस्त्री होता, मी त्याला काका म्हणायची. त्याच्या कारखान्यात चार-चार गाड्या एका वेळी उभ्या असत. भाऊबीजेला मी जाणारच होते, तर दमणी तिथंच टाकू, असं मी ठरवलं. माहेरचं काही चांगलं आहे हे सासरी दाखवायची मला फार हौस होती. खरं कारण तेवढंच.

म्हाताऱ्या सुताराला हे कळलं तेव्हा तो दारात येऊन बसला. रागावला नाही. म्हणाला, "सूनबाई, गाडी टाकून येऊ नका. रोज जाऊन बसा तिथं. जुनं मुरलेलं चाक कुनाला बी हवं असतं. आन् चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आतल्या अंगाला माझी खूण हाय, तीन रेघा. आणताना तेवढी बघा."

मी चौथी शिकलेली. गावात लिहिता येणारी बाई मी एकटीच. मी कागद घेतला आणि दमणीची फेरिस्त केली : चाकं दोन, आस एक, साटा एक, जू एक, त्याच्या शिवळा चार, पितळी घुंगरं अठरा. निघण्याआधी नवऱ्यानं तो कागद चावडीवर नेऊन दाखवला. नवऱ्यानं तो कागद चावडीवर नेऊन दाखवला. मला वाटलं, आता कोण काय करतो.

माहेरी महिनाभर राहिले. कारखान्यात दोनदा गेले, तेही काकांनी चहाला बोलावलं म्हणून. गाडी उघड्यावर उभी होती, चाकं काढून कुठं तरी आत ठेवली होती. विचारलं नाही.

मार्गशीर्षात दमणी मिळाली. हिरवा-तांबडा रंग, घुंगरं लखलखीत. मी कागद काढून एकेक मोजलं. घुंगरंसुद्धा अठरा भरली. मग मी वाकून तुंब्याची आतली बाजू बघितली. रेघा नव्हत्या. दुसऱ्या चाकालाही नव्हत्या. काकांना विचारलं, तर म्हणाले, रंगाखाली गेल्या असतील, बाई. मी नखानं खरवडून बघितलं. खाली कोरं, पिवळट, नवं लाकूड होतं. काकूनं माझ्या ओटीत नारळ घातला होता, भाऊ बैल जुंपत होता. मी गाडीत बसले.

पौषात एका चाकाची धाव, म्हणजे वरची लोखंडी पट्टी, सैल झाली. ओलं लाकूड आटलं की असंच होतं. नवऱ्यानं दोन्ही चाकं म्हाताऱ्या सुताराकडं पाठवली. दुसऱ्याच दिवशी तो आमच्या ओसरीवर आला, तेव्हा नवऱ्याजवळ चार माणसं बसलेली होती.

"मालक, ही चाकं माझी न्हाईत," तो म्हणाला.

नवरा हसला. म्हातारपणी स्वतःची लेकरं ओळखू येईनात का, असं म्हणाला. सुतारानं पुन्हा तेच सांगितलं. मग नवऱ्याचा आवाज चढला. कागद आहे, मोजून दिली, मोजून घेतली, तिथून बरोबर आली. मग बदलली कुठं? तुझ्याच अंगणात ना?

त्यानं मला हाक मारली. मी दाराआड उभी राहिले.

"खूण बघून घेतली होतीस?"

"हो," मी म्हणाले. "होती."

म्हातारा दाराकडं बघत राहिला. त्याला माणूस नीट दिसत नव्हतं, पण आवाज ओळखता येत होता. तो एवढंच म्हणाला, "बरं हाय, सूनबाई," आणि पायऱ्या उतरून गेला.

त्या साली खळं झालं तेव्हा सुताराचं बलुतं आम्ही काढून ठेवलं नाही. ओसरीवरच्या चौघांनीही नाही. चोर म्हणून कुणी तोंडावर बोललं नाही. नांगर, तिफणी दुसऱ्या गावच्या सुताराकडं जाऊ लागल्या. म्हाताऱ्याचा मुलगा बायको-पोरांसह तालुक्याला कामाला गेला. म्हातारा इथंच राहिला. मला पाणवठ्याच्या वाटेवर दिसायचा, मी पदर ओढून पुढं जायची.

दोन वर्षांनी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो जेवत होता, ताटावरून उठला. मला मारलं नाही. संध्याकाळी पायलीभर ज्वारी घेऊन स्वतः सुताराकडं गेला. परत आला तेव्हा ज्वारी तशीच होती.

"घेत न्हाई," तो म्हणाला. "म्हणतो, ज्वारी नको. चार माणसांत मला खोटं पाडलं तसं चार माणसांत खरं सांगा."

मी वाट बघत बसले की नवरा बोलेल. नवऱ्याला वाटलं असेल, लबाडी हिची, हिनंच बोलावं. बाईनं चावडीवर कसं जायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पण अठरा घुंगरांचा कागद चावडीवर गेला होता तेव्हा मला लाज वाटली नव्हती. म्हातारा पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्याला नेताना गावातली सात-आठच माणसं होती, आणि ओसरीवरच्या चौघांपैकी एकही नव्हता. आज मी हे लिहिते आहे, कारण त्या चौघांत आता कुणी उरलं नाही. म्हणजे आजही मी त्यांच्यासमोर बोललेच नाही.