चारावरचा काटा

रेणापूरकडच्या एका पंपहाउसबाहेर मी पाइपवर मीटर उलटा बसवला. स्क्रीनवर पाण्याचा वेग मायनस. व्हॉल्व्हमन बसप्पा वाकून म्हणाला, "सायेब, पाणी वापस धरणाकडं चाललंय म्हणा की! बंद करू पंप?"

चार माणसं हसली. मी नांदेडहून बोलावलेला, तीस वर्षं अनुभव असलेला सल्लागार. त्या लाजेपायी पुढची प्रत्येक जागा तीन-तीनदा मोजली.

प्रश्न साधा होता. गावातल्या वरच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं. तिथं बूस्टर पंप द्यायचा की नाही, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. जमिनीखालच्या पाइपला जागोजाग भोकं पाडून दाब मोजायची परवानगी नव्हती. म्हणून बाहेरून वेग मोजायचा आणि त्यावरून दाब काढायचा. यात एक मेख आहे. वेगावरून दाब कुठं किती घटला, एवढंच कळतं. मुळात किती होता, ते एका तरी जागी प्रत्यक्ष बघावं लागतं.

ती जागा म्हणजे पंपावरचा दाब दाखवणारा गेज. काचेवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं. काटा चारावर. लॉगबुकातही दर तासाला 'चार किलो'. एक किलो दाब म्हणजे पाणी दहा मीटर चढतं. वाटेत आणि चढावर मिळून दोन किलो जात होते. वरच्या गल्लीत उरले दोन. भरपूर! मी लिहिलं, बूस्टरची गरज नाही.

पाणीपुरवठ्याचे साहेब खूश. "म्हणजे लोकंच नळाला मोटरी लावून पाणी ओढून राहिले. मी म्हणतच होतो." बूस्टर नामंजूर झाला. आठवड्यात वरच्या गल्लीतल्या मोटरी जप्त झाल्या.

महिन्याभरानं दुसऱ्या कामासाठी तिथं गेलो. लाइट गेलेली, पंप बंद. काटा चारावरच.

"बसप्पा, हे काय?"

"त्यो व्हय? त्यो लई दिसांचा तिथंच हाय. आम्ही चार लिवतो."

"मग सांगायचं ना मला!"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर कंप्युटरमधीच बघून राहिले होते."

नवा गेज लावला. लाइट आल्यावर पंप सुरू केला. काटा दोनावर थांबला. दोनातून दोन गेले. वरच्या गल्लीत शून्य.

दुरुस्त रिपोर्ट साहेबांपुढं ठेवला. त्यांनी उघडलासुद्धा नाही. "फाइल वर गेली. आता गेज मेलेला होता म्हणून कळवू? त्या लॉगबुकावर दर महिन्याला माझी सही आहे."

आता कुठंही गेलो की आधी पंप बंद करायला लावतो. काटा शून्यावर आला तरच बॅगेतून मीटर काढतो. वरच्या गल्लीतल्या बायका मात्र अजून खालून घागरी वाहतात.

साहेबांना भेटलो त्याच दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आपल्या घरात नळ आला का, ते रोज मला विचारता. तिथं एकाही बाईला नाही विचारलं?"