सहा दहाची गाडी

आमच्या व्याह्यांइतका वेळेचा पक्का माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माझ्या नात्यात नाही याबद्दल मी देवाचा आभारी आहे. हे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि तिथे स्वतःची रेल्वे चालवतात. खेळण्यातली रेल्वे असे म्हटलेले त्यांना चालत नाही. मी सोयरीक झाली त्या सुमारास एकदा तसे म्हणालो. "खेळणं मुलं खेळतात. ही वाहतूक आहे," एवढेच ते बोलले आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. आतल्या खोलीत प्लायवूडवर रूळ, रद्दी आणि खळ यांचा डोंगर, भांड्यांच्या घासण्या हिरव्या रंगवून केलेली झाडे, शाडूचा बोटभर स्टेशनमास्तर. तिथून रूळ भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या खोलीत येतात, कारण दुसरे स्टेशन टीव्हीच्या शेजारी आहे. एकेरी लाइन असल्यामुळे गोळ्याशिवाय गाडी सुटत नाही. गोळा म्हणजे नारायण पेठेतल्या सायकलवाल्याकडून आणलेला बेअरिंगचा छर्रा. तो ज्या गाडीपाशी असेल तीच लाइनीवर जाणार, म्हणजे दोन गाड्यांची टक्कर होणे नाही. त्यांच्याकडे गाडी एकच आहे, हे मी अजून त्यांच्या नजरेस आणून दिलेले नाही. गाडी टीव्हीपाशी आली की गोळा उतरवून घ्यायचे काम माझ्याकडे असे. मुलीचा बाप म्हणून त्या घरात मला मिळालेला मान तो एवढाच.

गाडी रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते. नोकरीत असताना ते साडेपाचच्या ठोक्याला ऑफिसातून निघत, आणि साहेबांनी अडवलेच तर "उद्या बोलू, लाइन क्लिअर दिलेली आहे" म्हणत. आमच्या लेकीच्या रिसेप्शनला ते सव्वापाच वाजता कार्यालयातून नाहीसे झाले आणि पावणेसातला फेट्यासकट परतले. तोवर फोटो निघून गेले होते. मी जरा आवाज चढवला, तर म्हणाले, "अहो, मुलगा माझ्याशिवाय उभा राहू शकतो. गाडी माझ्याशिवाय सुटत नाही." दोन्ही विधाने खरी होती.

याचे मूळ त्यांच्या लहानपणी टीव्हीवर लागणाऱ्या एका मालिकेत आहे. तेव्हा अख्ख्या आळीत एकच टीव्ही, आणि खिडकीच्या गजांना धरून पाहणारी पंधरा पोरे. आडरानातले छोटे स्टेशन, दिवसाला एकच गाडी, आणि तिच्यासाठी इस्त्रीचा कोट घालून उभा राहणारा स्टेशनमास्तर. शेवटून दुसऱ्या भागात स्टेशन बंद करण्याचा हुकूम आला. शेवटच्या भागाच्या दिवशी आळीतले दिवे गेले. पुढे काय झाले, ते व्याह्यांना तोवर ठाऊक नव्हते. मी तो भाग पाहिला होता. हे मी सहज बोलून गेलो, तर त्यांनी दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घेतले. "एक अक्षर सांगायचं नाही! माझ्याकडे ते स्टेशन चालू आहे."

आमच्या लेकीला दिवस गेले, तेव्हा बाळासाठी ती आतली खोली हवी होती. व्याह्यांना हे सांगायचे कोणी? विहीणबाई आणि आमची ही, दोघींनी मिळून मला पुढे केले. मी दोन दिवस वाक्ये जुळवली, तिसऱ्या दिवशी गेलो, आणि मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "बिबवेवाडीत आपल्याकडे एक खोली रिकामी आहे. मी पाहिली आहे." ती आमच्या लेकीची खोली. लग्नानंतर आम्ही तिचे दार लावूनच ठेवत होतो. आत गेले की दोघांनाही उगीच भरून येई. मी नाही म्हणू शकलो नाही. रेल्वे हलवायला गेलेला मी डोंगर मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून व्याही स्वारगेटची गर्दी कापत रोज स्कूटरवरून यायला लागले, गोळा खिशात घालून. तो आमच्या घरी ठेवायला त्यांचे मन धजेना.

महिनाभराने आमच्या हिच्या लक्षात आले की पहिले बाळंतपण माहेरी असते. चार शहाणी माणसे, आणि ही गोष्ट एकालाही सुचली नव्हती. सासरची खोली आम्ही रिकामी केली आणि माहेरची भरून टाकली! व्याह्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझा राग गिळावा लागला. ते मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले, तेवढ्यात लेक दारात उभी राहून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, एका रुळाला हात लावायचा नाही. माझी कॉट डोंगराशेजारी बसते." पुढचे दीड महिने ती सहा दहाला गोळा उतरवून घेत असे. माझी बदली झाली होती.

ज्या दिवशी तिला दवाखान्यात नेले, त्या दिवशी आम्ही सगळे तिथेच होतो. संध्याकाळी मी थर्मास आणायला घरी आलो आणि सहाला पाच कमी असताना फोन वाजला. "मुलगी झाली. दोघी छान आहेत," व्याही म्हणाले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मग म्हणाले, "गोळा माझ्या खिशात आहे."

मी म्हणालो, "आजच्या दिवस गोळ्याशिवाय सोडू का? कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल." मग त्यांनीच विचारले, "अहो, त्या शेवटच्या भागात काय झालं हो? आज सांगा."

मी सांगितले. स्टेशनमास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो. गाडीची वेळ टळून जाते. अंधार पडतो, गाडी येत नाही, आणि मालिका संपते.

पलीकडे बाळ रडत होते, तेवढेच ऐकू येत होते. "मूर्ख माणूस," व्याही शेवटी म्हणाले. "गाडीला उशीर झाला तर पाटीवर लिहायचं असतं. नुसतं उभं काय राहायचं? आपण लिहा. सहा दहाची गाडी उशिराने येत आहे. मी नातीला एकदा हातात घेतो आणि निघतो."

मी लेकीच्या जुन्या पाटीवर खडूने तसे लिहिले आणि ती शाडूच्या मास्तरापाशी टेकवून ठेवली. सात वीसला स्कूटर वाजली. गाडी सुटली, प्लायवूडच्या पलीकडच्या कडेला मी गोळा उतरवून घेतला, आणि व्याह्यांनी पाटी पुसली.

आता लेक आणि नात सदाशिव पेठेत आहेत, आणि आतली खोली पाळण्याची झाली आहे. व्याही मात्र रोज येतात. कधी स्वारगेटला अडकतात, तेव्हा मी पाटी लिहून ठेवतो. पावणेसहा झाले की आमची ही चहाचे आधण चढवते आणि लेकीच्या खोलीचे दार उघडून दिवा लावते.