‘अलाऊ’चा गाव

शिक्केवाले काका मालाचं कौतुक केल्याशिवाय गाडी आत सोडत नसत. वाशीच्या भाजी मार्केटच्या गेटवर पासावर शिक्का मारणं हे त्यांचं काम. मागे ट्रकचे हॉर्न वाजत असले तरी ते केबिनमधून उठून यायचे, वरची एक पाटी बघायचे, "भेंडी कवली हाय" म्हणायचे, आणि मगच शिक्का. "काका, भाजी बघताय की सून?" असं ड्रायव्हर चिडवायचे. ते हसायचे, पण घाई करत नसत.

काका तिथल्याच जुन्या गावचे, मॅट्रिक झालेले. शेतजमीन शहरासाठी गेली, तेव्हा त्यांनी इंग्रजी कागदावर पुरतं न समजता सही केली होती. तो सल त्यांच्या मनातून गेला नाही. त्यानंतर त्यांनी रद्दीतून एक जाड डिक्शनरी आणली. कुठला शब्द कुठून आला, तेही तिच्यात होतं. "ज्याच्यावर सही करायची त्या शब्दाचा गाव म्हाईत पायजे," असं ते म्हणत.

माझे वडील त्या मार्केटमध्ये माथाडी. मी कॉलेजात एस.वाय.ला असताना त्यांची पाठ धरली आणि तीन महिने पहाटे त्यांच्या जागी मी पाट्या उचलल्या. पहिलं लेक्चर रोज बुडायचं. परीक्षेआधी कॉलेजात हजेरी कमी असलेल्यांची, ‘नॉट अलाऊड’ची यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. यादी लागली म्हणजे सगळं संपलं, असंच आम्हाला वाटलं. वडील म्हणाले, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या पाया पडून येतो.

मी माफीचा अर्ज लिहिला आणि भीतभीत काकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"यात तर तू सोताचीच नालस्ती केलीस. माल सडका हाय पन आत घ्या, असं कनचा गाडीवाला मला सांगतो?"

मग त्यांनी डिक्शनरी उघडून ‘अलाऊ’वर बोट ठेवलं. तो फ्रेंचातून आलेला, आणि त्याच्यामागे लॅटिनचे दोन शब्द एकत्र झालेले. एकाचा अर्थ वाखाणणं, दुसऱ्याचा जागा नेमून देणं. काका म्हणाले, "आदी चांगला म्हनायचा, मंग जागा द्यायची. मी येगला काय करतो? तुझ्यात चांगला काय हाय, ता लिव."

मला ते लिहिताना फार संकोच वाटला. तरी लिहिलं: पहाटेचं काम, वडिलांची पाठ, आणि बाकीचं एकही लेक्चर बुडवलं नाही हे. प्रिन्सिपॉलसरांनी अर्ज वाचला, माझ्या हातांकडे पाहिलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" म्हणाले आणि कोपऱ्यात ‘अलाऊड’ लिहून सही केली. बाहेर येऊन मी जिन्यावरच बसलो. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

हॉलतिकीट घेऊन गेलो, तो काकांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी ते ट्रकच्या पासासारखं उजेडात धरून पाहिलं.

"फोटो बरा आलाय. जा आत."

नवीन क्लार्क मान वर न करता शिक्का मारतो. गाड्या आता लवकर सुटतात. सुट्टीच्या दिवशी वडिलांचा डबा घेऊन गेलो की मी गेटवर थोडा थांबतो. एखादी कोथिंबिरीची गाडी आत शिरताना दिसते. ‘ताजी आहे हं,’ मी मनातल्या मनात म्हणतो, आणि तिच्यामागून आत जातो.