न दुखणारी जखम

आमचे हे गवंडी. आयुष्यभर लोकांच्या भिंतींना गिलावा केला आणि स्वतःच्या घराची मागची भिंत तशीच उघडी ठेवली. मी बोलून बोलून थकले. "करतो की, भिंत काय पळून चाललीय?" एवढंच उत्तर.

तर त्यांच्या मनगटावर एक फोड आला. गवंडी लोकांचं एक असतं, हातावर काहीही उठलं की सिमेंटनं खाल्लं म्हणायचं, तेल चोळायचं, फडकं गुंडाळायचं आणि थापी उचलायची. ह्यांनी तेच केलं. फोडाची जखम झाली. मधे खोलगट, कडा गोल आणि वर आलेल्या, वर खपली. खपली निघाली की खाली पुन्हा ओलं. महिने गेले तरी भरेना, पण दुखायचं मात्र काडीचं नाही. सगळा घोळ तिथंच झाला. नाहीतर साध्या सर्दीला घर डोक्यावर घेणारा माणूस हा.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नायटा म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या. शेजारीण म्हणाली, रक्त बिघडलंय. मुकादम म्हणाला, साखर असणार. तपासली, तर तीही नव्हती. कुणाचं खरं धरावं ते मला कळेना.

त्यातच सून बाळंत झाली. पहिली नात. ह्यांनी तिला दारातूनच पाहिलं आणि मागे सरले. "माझ्या हाताला काय झालंय कुणाला ठाऊक? पोरीला लागलं म्हणजे?"

"बाबा, फडकं बांधलंय ना, घ्या की," सून म्हणाली.

नाही म्हणजे नाही. उलट अंथरूण उचलून मागच्या पडवीत नेलं, त्या उघड्या भिंतीला लागून. ताट वेगळं, पेला वेगळा. पोरगी पालथी पडायला लागली, बसायला लागली, हे आपले दाराच्या चौकटीला टेकून बघणार. मला चीड यायची.

मग दुसरी जखम कोपराजवळ उठली आणि तिसरी कानाच्या पाळीवर.

"हेही सिमेंटच का? कानानं गिलावा करता काय?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी हे मुकाट्यानं माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात आले.

तिथल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी जखम दाबून पाहिली. दुखत नाही म्हटल्यावर विचारलं, "झोपता कुठं?" माझं डोकंच फिरलं. जखम हाताला, आणि ही बाई झोपेची चौकशी करतेय. ह्यांनी मात्र पडवी आणि ती उघडी भिंत, सगळं सांगून टाकलं. मग तिनं जखमेच्या कडेचं जरासं खरवडून काचेवर घेतलं, तपासायला पाठवलं आणि त्यात जंतू सापडल्यावर आम्हाला बसवून सांगितलं. डासाहून बारीक माशी असते. आवाज नाही, काही नाही. ओलसर भेगांत आणि राडारोड्यात राहते, अंधार पडला की चावते आणि चावताना कातडीत जंतू सोडते. जखम उठायला कधी कधी महिने लागतात.

"म्हणजे पडवीत झोपून पुढच्या दोन मीच ओढवून घेतल्या?" हे म्हणाले.

"पडवी सोडा. भिंत लिंपून घ्या, फवारणी करा आणि बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. जखमेच्या कडेला आठवड्याला एक सुई द्यावी लागेल. बरं होईल, व्रण राहील."

"आणि लहान मुलाला हात लावला तर?"

"हात लावल्यानं हे होत नाही. माशी चावली तरच होतं."

ह्यांनी तेच पुन्हा विचारलं. बाईंनी तेच पुन्हा सांगितलं. तरी ह्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. सुई टोचली तेव्हा मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते सुईचंच होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर हात कोपरापर्यंत धुतले आणि भिंतीला टेकून बसले. सुनेनं पोरीला मांडीवर दिलं. पोरगी आता माणसं ओळखते. बाप दिसला की पाय नाचवते, दूधवाल्याकडेही झेपावते. ह्यांच्याकडे मात्र तिनं टक लावून पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"होईल सवय, बाबा," सून म्हणाली.

"बरोबर आहे तिचं. मला कुठं ओळखते ती?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मग मी एवढे दिवस लांब कशासाठी राहिलो?"

पोरीला घ्यायला मी हात पुढं केले. ह्यांनी दिली नाही.

"राहू दे," म्हणाले, "रडू दे माझ्याजवळच."