कानमास्तरांचा नापास रिसिव्हर

कानमास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. बाजाराच्या रस्त्यावर रेडिओ, टीव्ही, पंखे विकणारं एक दुकान आहे, तिथं ते तीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसत. पण दुकानात नवा स्टिरिओ रिसिव्हर आला, म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात असलेला सेट आला, की त्याची परीक्षा मास्तरच घेणार. ते पास म्हणाले तर माल दर्शनी कपाटात. नापास म्हणाले तर मागच्या फळीवर, फुटक्या रिमोटांच्या शेजारी. म्हणून कानमास्तर.

परीक्षेची खोली दुकानाच्या मागं होती. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून मास्तरांनी चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. दाराला जाड पडदा. मधोमध एक लाकडी खुर्ची, स्पीकरपासून मोजून तीन पावलांवर. खुर्ची कुणी इंचभर सरकवली तरी मास्तर दिवसभर तोंड पाडून बसायचे.

निकाल तोंडीच लागायचा. "बेस कसला हा! रिकाम्या पिंपात उतरून म्हातारा खोकतोय." किंवा, "याचा वरचा आवाज म्हणजे ताटावर खिळा ओढतोय कुणीतरी." एखादा फार आवडला, तर मान तिरकी करून म्हणायचे, "हा माणसात बसवायच्या लायकीचा आहे."

आता मजा पुढंच. मास्तर परीक्षेला गाणं लावत नसत. "गाणं मुळातच गोड. कुठल्याही डब्यात घाला, गोडच लागणार. त्यात डब्याचं कर्तृत्व काय?" असं त्यांचं म्हणणं. ते लावायचे स्वतःच्या स्वयंपाकघराचा आवाज. वीस वर्षांपूर्वी दुकानातला एक टेपरेकॉर्डर तपासायला घरी नेला, तेव्हा बायकोला न सांगता ओट्याखाली चालू करून ठेवला होता. अर्धा तास भांडी, चाळणीतलं पीठ, बादलीत पडणारं पाणी आणि सगळ्यावर चढलेला बायकोचा आवाज. "अहो, परात पुन्हा माळ्यावर टाकलीत का? शिडी काय तुमचे काका लावणार?" मग भिंतीकडं तोंड करून शेजारणीला हाक, "टाचणे, ए टाचणे! चहा टाकलाय गं!" मग पुन्हा परात.

हा अर्धा तास दुकानातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. मास्तरांची बायको, जिला सगळे मास्तरीण म्हणत, पहिल्यांदा दुकानात आली आणि दारातूनच "अहो" म्हणाली, तेव्हा दोन विक्रेते हातातलं काम टाकून उभे राहिले होते. एकजण तर मालकाला हळूच म्हणाला, "परात आल्या."

तर गेल्या वर्षी मास्तरणीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, पण जाताना आवाजही घेऊन गेली. उरली नुसती फुसफुस, तीसुद्धा कान तोंडाशी नेला तरच ऐकू येईल अशी. नळ चालू असला की तेवढीही नाही. मास्तर भाजी चिरता चिरता, "काय? काय म्हणालीस?" असं चारचारदा विचारायचे. शेवटी ती ओल्या हातानं त्यांचा कान धरायची आणि स्वतःकडं ओढायची. ज्या कानापुढं दुकान माना तुकवत होतं, त्या कानाला घरी ही वागणूक.

मास्तर त्याबद्दल हसायचे. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, ती एकदा मालकाला सांगितली.

"मालक, घर मुकं झालंय हो. आणि परवा सायकलवरून येताना तिची 'अहो' अशी हाक आठवायला गेलो, तर आठवेना. दुकानात येऊन लावून ऐकली तेव्हा कुठं जिवात जीव आला."

"मग न्या की एक सेट घरी," मालक म्हणाला. "तीस वर्षांत तुम्ही घरात एक रिसिव्हर ठेवला नाहीत."

"घरात बोलणारी होती ना. कशाला ठेवू?"

मालकाच्या लेकीनं टेप झिजून जाईल म्हणून ते सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. आता प्रश्न सेटचा. दर्शनी कपाटातला मोठा रिसिव्हर, ज्यावर मास्तरीण खुर्चीशेजारी उभी असल्यासारखी वाटायची, तो मास्तरांच्या ऐपतीबाहेरचा. राहिले स्वस्तातले. मास्तर एकेक गाद्यांच्या खोलीत नेऊ लागले. पहिल्यावर बायको नाकात बोलत होती. दुसऱ्यावर ती बोलत होती की शेजारची, तेच कळत नव्हतं. तिसरा त्यांतला सर्वांत स्वस्त. काळा, हलका, बटणं प्लॅस्टिकची, सोबत विटेएवढे दोन स्पीकर. त्यावर शब्द सगळे स्वच्छ येत, पण आवाजाला अंग नव्हतं.

"आवाज उपाशी आहे," मास्तर म्हणाले. "पंधरा दिवस जेवली नाही अशी बोलते. नापास."

पण नापास म्हणूनही ते खुर्चीवरून उठेनात. असं आठवडाभर चाललं. काम संपलं की पडदा ओढायचा, तोच उपाशी आवाज लावायचा आणि बसून राहायचं. पुन्हा पुन्हा परात.

घरी मास्तरीण वाट बघून कंटाळलेली, आणि मास्तर कशापाशी बसतात ते मालकाच्या लेकीकडून तिला कळलेलं. त्या दिवशी चप्पल काढायच्या आत तिनं कान धरला.

"आज किती वेळ बसलात तिच्यापाशी?"

"कोणापाशी?"

"डब्यातलीपाशी."

मास्तर ओशाळले. "अगं, तूच आहेस ती."

"मी इथं आहे. भात गार करत बसलेय."

मास्तरांनी मग खरं काय ते सांगितलं. तुझा आवाज घरात आणायचा आहे, पण परवडेल त्या सेटवर तो नीट येत नाही, आणि बिघडलेला आवाज घरात आणला तर उद्या तोच डोक्यात बसेल, खरा पुसून जाईल. हे सांगताना त्यांनी डाळीच्या वाटीकडं बघत चमचा फिरवत ठेवला.

मास्तरणीनं ऐकून घेतलं. मग जवळ सरकून म्हणाली, "मी त्या गाद्यांच्या खोलीत कधी बोलले होते?"

"म्हणजे?"

"मी इथं बोलले होते. या फरशीवर. या भांड्यांमध्ये. तुम्ही मला नेऊन गाद्यांत कोंबता आणि म्हणता उपाशी आहे. घरी आणा त्याला."

"नापास सेट घरी आणू?"

"तुमच्या खोलीत नापास आहे. माझ्या नाही."

मास्तर तीस वर्षांचे परीक्षक. त्यांना हे म्हणजे अडाण्यानं डॉक्टरला शिकवावं तसं वाटलं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी मालकाला विचारून तो काळा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घरी आणला.

घर म्हणजे दोन खोल्या. स्वयंपाकघरात खाली दगडी फरशी, वर पत्रा, एका भिंतीला उभ्या मांडणीत स्टीलची भांडी. मास्तरांनी स्पीकर पिठाच्या डब्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि तीन पावलं मोजायला गेले, तर दुसऱ्याच पावलाला पाठ भिंतीला लागली. "इथं कसली परीक्षा व्हायची!" म्हणत ते भिंतीलाच टेकून बसले. मास्तरीण ओट्याशी उभी, पाठमोरी.

बटण दाबलं. बादलीत पाणी पडलं. मास्तरांनी दचकून नळाकडं बघितलं. नळ बंद होता.

मग भांडी वाजली, आणि "अहो, परात पुन्हा माळ्यावर टाकलीत का?"

तोच डबा, तेच विटेएवढे स्पीकर. पण आवाज फरशीवर आपटून वर येत होता, पत्र्याला लागून खाली येत होता, मांडणीतली ताटं हलकेच झणझणवत होता. गाद्यांच्या खोलीत जो पंधरा दिवसांचा उपाशी होता, तो इथं पोटभर जेवून उभा होता. मास्तर कपाळाला आठ्या घालून डब्याकडं बघत राहिले. यातला डब्याचा वाटा किती आणि घराचा किती, याचा त्यांना हिशेब लागेना.

"असं कसं होईल?" ते पुटपुटले. "वरचा आवाज अजून जरा..."

तेवढ्यात डब्यातली मास्तरीण भिंतीकडं वळली. "टाचणे, ए टाचणे! चहा टाकलाय गं!"

भिंतीपलीकडं शिलाई मशीन घरघरत होतं. ते थांबलं.

"आले गं, आले! एवढी शिवण मारते आणि आले!"

मास्तर जागचे हलले नाहीत. मास्तरीण गर्रकन वळली. तिच्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं.

टाचणी म्हणजे शेजारची शिलाईवाली. काटकुळी, आणि तोंडात सदा दोनचार टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव मास्तरणीनंच ठेवलेलं. पूर्वी रोज दुपारी हाक गेली की ती चहाला यायची. ऑपरेशननंतर हाक थांबली. हाक न मारता दुसऱ्याच्या दारात जाऊन नुसतं उभं राहायचं मास्तरणीला जमेना. मागायला आल्यासारखं वाटायचं. आणि टाचणीला वाटलं, बाईला आराम हवा असेल, आपण जाऊन तिला बोलायला का लावायचं? अशी दोघींमध्ये वीतभर भिंत आणि आठ महिने.

टाचणी धावतच आली. एका पायात चप्पल, गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या. दारातून आत बघते तर मास्तरीण तोंड मिटून उभी, आणि पिठाच्या डब्यापाशी दुसरीच मास्तरीण परातीवरून भांडतेय.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून पदराला टोचल्या.

"मला वाटलं तुझा आवाज आला," ती म्हणाली. "मेले, मी ब्लाउजची बाही उलटी लावून धावत आले!"

आणि मटकन फरशीवर बसून डोळे पुसायला लागली. मास्तरीण तिच्याजवळ बसली, तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. टाचणीनं तिच्या दंडावर चापट मारली. "आराम कसला डोंबलाचा! तुला आराम हवाय असं समजून मी तिकडं एकटी चहा ढोसतेय!"

मग दोघी हसल्या. एक आवाजानं, एक बिनआवाजाची, खांदे हलवत.

मास्तर भिंतीला टेकून बसलेले. त्यांना अजून पुढचं ऐकायचं होतं. चाळणीचा भाग यायचा होता, तिथं वरच्या आवाजाची खरी कसोटी. पण मास्तरणीनं हातानंच खूण केली. त्यांना ती कळेना.

"अहो, बंद करा म्हणतेय ती," टाचणी म्हणाली. "आम्ही बोलतोय ना!"

मास्तरांनी डबा बंद केला आणि उठून स्वतः चहा टाकला.

तो रिसिव्हर पुन्हा दुकानात गेला नाही. मालकाच्या लेकीनं त्या अर्ध्या तासातली तेवढी एक हाक वेगळी काढून दिली. आता दुपारी मास्तर दुकानात असतात, तेव्हा मास्तरीण डब्याचं बटण दाबते आणि वीस वर्षांपूर्वीचा तिचा आवाज भिंतीपलीकडं जातो. टाचणी कामात असली आणि तिनं ओ दिली नाही, तर मास्तरीण आवाज वाढवून पुन्हा दाबते. मग टाचणी ओरडते, "ऐकलं गं बाई! साऱ्या गल्लीनं ऐकलं!"

अर्धा तास मास्तरांनी अजून जपून ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी कधीतरी लावतात. पण ऐकता ऐकता मास्तरीण कान धरून काहीतरी सांगायला लागली, की डबा बंद करावा लागतो. दोन्ही एकदम ऐकू येत नाहीत.

दुकानात मास्तरांनी भिंतींच्या गाद्या उपटून टाकल्या. मागच्या फळीवरचे नापास सेट झटकून पुन्हा खाली काढले. गिऱ्हाईक आलं की ते आता आधी सेटचं बोलतच नाहीत. घरात फरशी कसली, छप्पर कसलं, भांडी उघड्या मांडणीत की कपाटात, सेट कुणाला ऐकवायचाय, हेच विचारत बसतात. गिऱ्हाईक वैतागतं. "अहो, मला रिसिव्हर हवाय, सोयरीक नको!"

"घरी नेऊन दोन दिवस लावा," मास्तर म्हणतात. "नाही जमलं तर परत आणा. मी इथं बसून काय सांगणार?"

आणि घरी त्या काळ्या डब्याबद्दल तक्रार फक्त टाचणीची. हाकेत रोज चहा टाकलाय असं येतं, आणि धावत आलं तर कधीकधी दूधसुद्धा तापलेलं नसतं. "खोटं बोलतो गं तुझा डबा!" म्हणून ती एकदा जी भांडली, तेव्हापासून मास्तरीण आधी गॅसवर आधण ठेवते, त्यात साखर आणि चहापत्ती घालते, उकळी फुटू देते, आणि मगच बटण दाबते.